बीजाची निवड आणि जिवंतांचा हिशेब

कॅरिओटाइपच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीच्या, अहवालाच्या तळाशी कधी कधी अशी एक ओळ येते : ४६, एक्सवाय, टी (११;२२). तिचा अर्थ असा की या पुरुषाची गुणसूत्रं ४६ च आहेत, ऐवज पुरता आहे, फक्त अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसांत अदलाबदल झालेली आहे. पुस्तकात याला संतुलित स्थानांतर म्हणतात, दवाखान्यात सरळ ट्रान्सलोकेशन. या ना त्या गुणसूत्रांची अशी अदलाबदल दर पाचशे-सहाशे माणसांमागे एकात असते. म्हणजे एकट्या पुण्यात अशी काही हजार माणसं असणार. त्यांना त्याचा त्रास नसतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. घोळ होतो तो शुक्राणू तयार होताना. गुणसूत्रं जोडीजोडीनं समोरासमोर येऊन अर्धी अर्धी वाटली जायची, तिथे दोनांऐवजी चार गुणसूत्रं एकमेकांत अडकून बसतात आणि वाटणी अनेक तऱ्हांनी होऊ शकते. काही शुक्राणूंना नेहमीची गुणसूत्रं मिळतात. काहींना बापासारखीच, अदलाबदल झालेली पण पुरती मिळतात. उरलेल्यांच्या वाट्याला एखादा तुकडा जास्त येतो, एखादा कमी. हे असंतुलित शुक्राणू सरासरीनं निम्म्याच्या आसपास असतात. कुणात वीस टक्के, कुणात ऐंशी. त्यांच्यापासून गर्भ धरला तर तो बहुधा टिकत नाही. क्वचित टिकतो, आणि मग ते मूल गंभीर व्यंगं घेऊन जन्माला येतं.

मग असंतुलित शुक्राणू आधीच बाजूला का काढू नयेत? कारण शुक्राणूतली गुणसूत्रं पाहायची तर त्याचं घट्ट आवळलेलं डोकं रसायनांनी सैल करावं लागतं, त्यावर चमकणारे रंगीत शोधक सोडावे लागतात, आणि एवढं होईपर्यंत तो मेलेला असतो. ज्याची खात्री पटली तो वापरता येत नाही आणि जो वापरायचा त्याची खात्री करता येत नाही. म्हणून आजवर निवड झाली ती पुढच्या पायरीवर. प्रयोगशाळेत भ्रूण तयार करायचे, पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यांच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून तपासायच्या, संतुलित निघेल तो गर्भाशयात सोडायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. त्याहून मागची पायरी गाठण्याचे प्रयत्न अलीकडे होत आहेत, आणि त्यातला एक अगदी साधा आहे. शरीरातल्या द्रवापेक्षा जवळजवळ निम्म्या तीव्रतेच्या द्रावणात, म्हणजे फ्रुक्टोज आणि सोडियम सायट्रेट घातलेल्या पाण्यात, शुक्राणू थोडा वेळ ठेवायचे. आवरण शाबूत असेल तर पाणी आत शिरतं आणि शेपटी फुगून वळते. कुणाची नुसती टोकाशी, कुणाची निम्मी, कुणाची पुरती वेटोळं होऊन डोक्याशी येते. जेयेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ही चाचणी मांडली ती केवळ शुक्राणूचं आवरण धड आहे का हे पाहायला. पुढे पॅरिसमधल्या संशोधकांनी स्थानांतर असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंवर ती करून पाहिली, तेव्हा ठराविक तऱ्हेनं शेपटी फुगलेल्या शुक्राणूंमध्ये असंतुलितांचं प्रमाण बरंच कमी निघालं. अजिबात नाही असं नव्हे, कमी. आणि असा शुक्राणू जिवंत असतो, त्याला काचेच्या सुईनं उचलून स्त्रीबीजात सोडता येतं.

इथे वैद्यकाचा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारायला हवा. असं बीज निवडण्याचा अधिकार माणसाला आहे का? भ्रूण टाकण्यापेक्षा शुक्राणू टाकणं नैतिकदृष्ट्या हलकं आहे, असं बहुतेकांना मनोमन वाटतं. मलाही वाटतं, आणि ते बरोबर आहे असं मी इथे मांडणार आहे. पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. ‘यात कुणावरच अन्याय होत नाही’ हे वाक्य जितकं खरं आहे तितकंच धोक्याचं आहे. त्याच वाक्याच्या आडोशानं अतिशय वाईट निवडीही सुखेनैव करता येतात. निवडीचा न्याय लावायचा तर अजून न आलेल्या जिवांकडे पाहून तो लागत नाही. आज जगत असलेल्यांपैकी कुणाच्या अंगावर काय येतं, हे पाहावं लागतं.

पहिला आक्षेप नेहमीचाच : निसर्गात ढवळाढवळ. यामागे अशी समजूत असते की निसर्ग आपोआप उत्तम शुक्राणू निवडतो आणि माणूस मध्ये पडून ते बिघडवतो. एका वेळच्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी काही शेच बीजवाहिनीपर्यंत पोचतात, तेव्हा चाळण आहे हे खरं. पण ती चाळण पोहण्याची आहे. गुणसूत्रं तिला फारशी दिसत नाहीत. त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. एका मूळ पेशीपासून घडणारे शुक्राणू घडत असताना एकमेकांपासून पुरते सुटे होत नाहीत. त्यांच्यामध्ये पेशीद्रवाचे बारीक पूल राहतात आणि या पुलांवरून प्रथिनांची देवाणघेवाण चालते. त्यामुळे ज्याच्याकडे एखादा जनुक नाही, त्यालाही शेजाऱ्याच्या जनुकाचा माल मिळून जातो. एकत्र कुटुंबात कमावता कोण आणि न कमावता कोण हे जेवणाच्या पंगतीवरून ओळखू येत नाही, तसंच हे. म्हणून असंतुलित शुक्राणूही दिसायला आणि पोहायला धडधाकट असू शकतो. गुणसूत्रांची निसर्गाची खरी चाळण लागते ती गर्भाशयात, आठव्या, दहाव्या, बाराव्या आठवड्यात, आणि तिचं नाव गर्भपात. निसर्गाला हात लावू नका म्हणणारा माणूस खरं तर एवढंच म्हणत असतो की निवड होऊ द्या, पण ती बाईच्या पोटात होऊ द्या. शिवाय १९९२ साली ब्रुसेल्सहून इक्सीची, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडण्याची, पद्धत जाहीर झाल्यापासून प्रयोगशाळेतलं कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ‘हा बरा दिसतो’ म्हणून एक शुक्राणू उचलतच आलं आहे. निवड टळलेली नाही. ती डोळ्यांच्या अंदाजानं चालली आहे, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो आपल्या परंपरेतूनच येतो. बीज म्हणजे नुसता द्रव नव्हे, त्यात जीव आहे, मग टाकलेल्या बीजातल्या जिवाचं काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऐतरेय उपनिषदाचा दुसरा अध्याय सांगतो की गर्भ आधी पुरुषातच असतो, रेताच्या रूपानं. स्त्रीमध्ये जातो तो त्याचा पहिला जन्म. छांदोग्यातली पंचाग्निविद्या त्याच्याही मागे जाते. परलोकातून परतणारा जीव पावसातून धान्यात, धान्यातून अन्नात आणि अन्नातून पुरुषाच्या रेतात येतो, आणि या टप्प्यांतून बाहेर पडणं फार कठीण असतं, कारण ते धान्य कोण खाईल यावर सगळं अवलंबून. हे जसंच्या तसं घेतलं तर प्रयोगशाळेतल्या बशीत टाकून दिलेला प्रत्येक थेंब म्हणजे वाट चुकलेल्या जिवांची गर्दी ठरते. पण हा पेच प्राचीनांना दिसला नव्हता असं नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात नेमकी याचीच चर्चा आहे. धान्य कापलं, कांडलं, शिजवलं जातं तेव्हा त्यात आलेल्या जिवाला यातना होतात का? शंकराचार्यांचं उत्तर असं की होत नाहीत. त्या अवस्थेत जिवाचा धान्याशी नुसता संसर्ग असतो. तो त्या देहाचा भोक्ता नसतो, धान्य हे त्याचं शरीर नसतं. रेताचंही तसंच. भोग घेणारं शरीर सुरू होतं ते योनीत प्रवेश झाल्यानंतर, असं सूत्रकार प्रकरणाच्या शेवटी सांगतात. म्हणजे बीजात जीव मानणाऱ्या सर्वांत ठाम परंपरेनंही बीजाला सुखदुःखाचा धनी मानलेलं नाही.

वैद्यकाची परंपरा याहून सरळ बोलते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव हे तिन्ही गर्भाशयात एकत्र आले म्हणजेच गर्भ हे नाव लागू होतं. बौद्धांच्या मज्झिम निकायातही अशाच तीन अटी आहेत : आईबापांचा संयोग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्बाची, म्हणजे जन्म घेऊ पाहणाऱ्या जिवाची, उपस्थिती. गर्भोपनिषद तर जीव सातव्या महिन्यात येतो म्हणतं. जीव केव्हा येतो याबद्दल या ग्रंथांचं जमत नाही. एकटं बीज म्हणजे कुणीतरी नव्हे, याबद्दल मात्र ते एका बाजूला आहेत. जैन ग्रंथांमध्ये समागमाच्या वेळी लाखो सूक्ष्म जीव मरतात असं सांगितलं आहे. पण तो आक्षेप सगळ्याच समागमाला लागतो, आणि म्हणूनच तो ब्रह्मचर्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे. एखादा शुक्राणू निवडण्याविरुद्ध त्यातून वेगळं काही निघत नाही. इस्लामी फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, परिषदांनी नवराबायकोच्याच बीजांपासून होणाऱ्या उपचाराला मुभा दिली आहे, आणि इथे बीज नवऱ्याचंच असतं, वंशाचा धागा तुटत नाही.

कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे आणि गोव्या-वसईतल्या वाचकांसाठी ती नीट सांगायला हवी. १९८७ च्या ‘डोनम व्हिटे’ आणि २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दोन दस्तऐवजांत चर्चचे दोन आक्षेप आहेत. भ्रूण पारखून टाकणं म्हणजे मानवी जीव टाकणं, हा एक. मूल हे पती-पत्नींच्या मीलनाचं फळ असावं, तंत्रज्ञाच्या हातची निर्मिती असू नये, हा दुसरा. याच कारणानं इक्सीही अमान्य. बीजनिवडीनं पहिला आक्षेप बराचसा सौम्य होतो, दुसरा तिळमात्र हलत नाही. ज्याला हा दुसरा आक्षेप पटतो त्याच्यासाठी माझ्याजवळ उत्तर नाही. त्याच्या दृष्टीनं इथे शुक्राणू कोणता हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यात विसंगती काही नाही. पण जे जोडपं प्रयोगशाळेची वाट धरून बसलंच आहे आणि ज्याला भ्रूण टाकण्याची टोचणी आहे, त्याच्यासाठी असंतुलित भ्रूण मुळात कमी तयार होणं ही बारीकसारीक गोष्ट नाही.

‘ज्याचं त्याचं कर्म’ म्हणणाऱ्यांचाही समाचार इथेच घेऊन टाकतो. गर्भात विकृती का येते याची चरकानं दिलेली कारणं अनेक आहेत : बीजाचा दोष, आत्म्याचं कर्म, गर्भाशयाचा दोष, काळ, आईचा आहारविहार. कर्म त्यात आहे, पण अनेकांतलं एक म्हणून. उलट बीजातला जो भाग बिघडलेला असतो त्याच्याशी संबंधित अवयवच बिघडतो, असं म्हणताना चरक आधुनिक जनुकशास्त्राच्या इतक्या जवळ येऊन उभा राहतो की उत्साही मंडळींना त्यात गुणसूत्रं दिसू लागतात. (ती नाहीत. तर्क आहे, आणि तो सुरेख आहे, तेवढं पुरे.) त्याच प्रकरणात तो हेही बजावतो की परम आत्मा निर्विकार असतो, व्यंग शरीराचं आणि मनाचं. आणि विमानस्थानात अग्निवेश विचारतो की आयुष्य ठरलेलंच असतं का, तेव्हा त्याचे गुरू आत्रेय यांचं उत्तर असं की सगळं ठरलेलंच असतं तर औषधाला अर्थच उरला नसता. दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान ते दुसऱ्याला दाबतं. कर्मवाद मानूनही उपचाराला जागा ठेवण्याचं काम आपल्या वैद्यांनी फार पूर्वी करून ठेवलं आहे.

आता अवघड भाग. डेरेक पार्फिट या इंग्लिश तत्त्ववेत्त्यानं १९८४ साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात एक कोडं घातलं. वेगळ्या बीजापासून वेगळा माणूस जन्मतो. तेव्हा आपण बीज बदललं तर ‘त्याच’ मुलाचं भलं किंवा बुरं झालं असं म्हणता येत नाही. एकाच्या जागी दुसरंच कुणी आलं. न वापरलेल्या शुक्राणूपासून जन्मलं असतं ते मूल कधी कुठे नव्हतंच, मग त्याच्यावर अन्याय कसा होईल? बीजनिवडीच्या समर्थकांना हा युक्तिवाद आवडतो, आणि तो पक्काही आहे. पण त्याला दुसरी धार आहे. कुणावरच अन्याय होत नसेल तर वाय गुणसूत्राचे शुक्राणू वेगळे काढून फक्त मुलगे जन्माला घालण्यात काय बिघडलं? न जन्मलेल्या मुलीवर अन्याय झाला म्हणावं तर ती कुठे होती? ज्युलियन सॅव्हुलेस्कू यांनी तर २००१ साली असा सिद्धान्तच मांडला की शक्य असलेल्या मुलांपैकी ज्याला सर्वांत चांगलं आयुष्य लाभेल ते निवडणं हे आईबापांचं कर्तव्य आहे. मुलींची गळचेपी करणाऱ्या समाजात हा निकष प्रामाणिकपणे लावला तर उत्तर काय येईल? मुलगा. सॅव्हुलेस्कूंना ते नको होतं हे मान्य. पण केवळ जन्मणाऱ्याच्या सुखाचं गणित मांडलं की समाजाचा अन्याय त्या गणितात मुकाट्यानं गृहीत धरला जातो.

हे कल्पनेतलं भय नाही. महाराष्ट्रानं ते पाहिलेलं आहे. गर्भजल तपासणी आपल्या देशात १९७० च्या दशकात आली ती जन्मजात विकार शोधण्यासाठी, म्हणजे आज आपण ज्या कारणानं शुक्राणू निवडू पाहतो त्याच कारणानं. दहा वर्षांच्या आत तिचा धंदा मुली काढण्याचा झाला. मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनी आणि डॉक्टरांनी लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. पुढे मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ च्या दुरुस्तीनं गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही, म्हणजे शुक्राणू वेगळे काढण्याचे प्रकारही, बंदीखाली आले. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. आणि हे सगळं परक्या विज्ञानानं शिकवलं असं म्हणायलाही वाव नाही. सोळा संस्कारांत मुलगा व्हावा म्हणून करायचं पुंसवन आहेच. निवड करण्याची इच्छा जुनी, निकषही जुना. यंत्र तेवढं नवं होतं. म्हणून ‘आज गुणसूत्रं, उद्या गोरा रंग’ असं म्हणणाऱ्याला भित्रा ठरवण्याचा हक्क निदान मराठी माणसाला तरी नाही.

तर मग रेघ कुठे ओढायची? लिंगनिवड वाईट आहे, पण ती न जन्मलेल्या मुलीसाठी नव्हे. जन्मलेल्या प्रत्येक बाईला ती सांगते की तू नको होतीस, आणि त्याची किंमत त्या घरातल्या सुनेकडून वसूल करते. इजा जिवंतांना होते. हाच हिशेब स्थानांतराच्या बाबतीत मांडून पाहावा. असंतुलित शुक्राणू निवडले गेले, किंवा न निवडता तसेच गेले, तर भोगतं कोण? दोष नवऱ्याच्या गुणसूत्रांत असतो आणि गर्भ पडतो बायकोचा. हार्मोनची इंजेक्शनं तिच्या पोटावर, स्त्रीबीजं काढण्याची सुई तिला, दहाव्या आठवड्यात ठोके थांबल्याचं सोनोग्राफीच्या टेबलावर ऐकायचं तिनं, आणि वर ‘हिला राहत नाही’ हेही तिच्याच नावावर. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ असा वाद आहे आणि कौल साधारण बीजाच्या बाजूनं दिलेला आहे. गंमत अशी की पीक आलं तर श्रेय बीजाचं आणि न आलं तर ठपका क्षेत्रावर, असाच व्यवहार आपण आजवर केला. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत तीन ते पाचांमध्ये दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत संतुलित फेरफार सापडतो, आणि तो पुरुषातही असतो. तेव्हा बीज पारखून घेणं म्हणजे जिच्या अंगावर हे सगळं येतं तिचा भार एका साध्या द्रावणानं थोडा हलका करणं. लिंगनिवडीच्या पारड्यात असं वजन टाकायला काहीच नसतं. वंशाच्या दिव्याचा हट्ट असतो, आणि हट्ट म्हणजे दुःख नव्हे.

अपंगांच्या चळवळीतून येणारा आक्षेप मात्र याच मापानं मोजावा लागतो, आणि तो सहज फेटाळता येत नाही. स्थानांतराच्या दुसऱ्या एका प्रकारात दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली असतात. चौदाव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांचं असं जोडलेपण बापात असेल तर काही शुक्राणूंपासून डाउन सिंड्रोम असलेलं मूल होऊ शकतं. अशी माणसं जगतात, हसतात, काम करतात. त्यांना टाळण्याची पद्धत उभारणं म्हणजे त्यांच्याकडे बघून ‘नको’ म्हणणं नव्हे का? इथे मी एवढंच म्हणेन की यातला काही भाग खरा आहे. वाहक बापाच्या बाबतीत असं मूल होण्याची शक्यता एखाद्या टक्क्याच्या आसपास असते, आईकडून आलेल्या स्थानांतरात ती दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा बीजनिवडीचा मुख्य परिणाम डाउनच्या मुलांवर नसून मुळात न टिकणाऱ्या गर्भांवर होतो. सुरुवातीला सांगितलेल्या तुकड्यांच्या अदलाबदलीत तर बहुतेक असंतुलित गर्भ जन्मापर्यंत पोचतच नाहीत. तरीही जे पोचले असते त्यांचा प्रश्न उरतोच. त्यावरचा उतारा आईबापांकडून बळेच त्याग करून घेण्यात नाही. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा शाळेत, बसथांब्यावर, नोकरीत उतरवण्यात आहे. अपंग माणसाचा मान आपण रस्त्यावर राखत नाही आणि प्रयोगशाळेत राखायला निघतो, हे ढोंग आहे. आणि काही पुरुषांत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांचा एकही शुक्राणू संतुलित नसतो, निवडायला काहीच नसतं. दत्तक, दात्याचं बीज किंवा मुलाविना संसार, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे राहतात, आणि कुठलंही द्रावण ते बदलू शकत नाही.

मी रेघ ओढतो ती दुसऱ्याच ठिकाणी. शेपटी फुगवण्यासारख्या पद्धती असंतुलित शुक्राणू कमी करतात. नेहमीची गुणसूत्रं असलेला शुक्राणू आणि बापासारखं स्थानांतर असलेला शुक्राणू यांत त्या फरक करत नाहीत. हे त्यांचं अपुरेपण समजलं जातं. मला तो गुण वाटतो. भ्रूणांच्या तपासणीत आता असेही मार्ग निघाले आहेत की निरोगी पण वाहक भ्रूण ओळखून तोही मागे ठेवता येतो, आणि ‘पुढच्या पिढीची कटकट नको’ म्हणून आईबाप ते मागतात. त्या क्षणी निकष बदलतो. आधी जे टिकणार नाही किंवा ज्याचं जगणं यातनांचं होईल ते वगळलं जात होतं. आता बापासारखा धडधाकट माणूस वगळला जातो, केवळ त्याला कधीतरी मूल हवं झालं तर अडचण येईल म्हणून. आपल्याकडच्या २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यानं भ्रूणांची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात, आनुवंशिक आजारांसाठीच ठेवली आहे. संतुलित स्थानांतर बाळगणं हा आजार नव्हे. वाहक म्हणून भ्रूण नाकारणं त्या कायद्याच्या भावनेत बसत नाही, असं माझं मत आहे.

राहिला सचोटीचा मुद्दा, आणि तो तत्त्वज्ञानाहून कमी नाही. प्रयोगशाळेत गर्भधारणा होऊन जन्मलेलं जगातलं पहिलं मूल, इंग्लंडमधली लुईस ब्राउन, १९७८ चं. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच करून दाखवलं आणि त्यांच्या वाट्याला अविश्वास आला. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून याच पद्धतीनं हर्षा जन्मली. तेव्हा हे सार्वजनिक रुग्णालयातलं विज्ञान होतं. आज ते मोठ्या प्रमाणावर बाजारात आहे, आणि बाजारात ‘कमी होतं’ या शब्दांचं ‘खात्री’ व्हायला वेळ लागत नाही. शुक्राणू निवडण्याच्या एका लोकप्रिय पद्धतीची ब्रिटनमध्ये २७०० हून अधिक जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, आणि मूल होण्याच्या प्रमाणात ठळक फरक काही निघाला नाही. ती चाचणी स्थानांतर असलेल्या पुरुषांपुरती नव्हती, पण सावध व्हायला पुरेशी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट २००६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवली. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांत ज्यांच्यापैकी एक जण वाहक होता, अशांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना पुढच्या काही वर्षांत निरोगी मूल झालं, वाहक नसलेल्या जोडप्यांच्या इतकंच. फक्त मधल्या काळात गर्भपात जास्त झाले. ज्यांचे शुक्राणूच फार कमी आहेत त्यांची गोष्ट निराळी, पण इतरांना हे आधी सांगायला हवं. बीजनिवड त्यांना मूल देत नाही. वाटेतली काही दुःखं कदाचित कमी करते. त्यासाठी किती पैसे आणि किती इंजेक्शनं मोजायची हे त्या बाईनं ठरवावं, आणि ठरवताना हे आकडे तिच्यासमोर असावेत.

आणि हे सगळं सुरू होतं ते एका तपासणीपासून, जी फार वेळा होतच नाही. दोन-तीनदा गर्भ टिकला नाही की बायकोची फाइल जाडजूड होते : थायरॉइड, साखर, गर्भाशयाची दुर्बीण, रक्त पातळ करायची औषधं. नवऱ्याचा वीर्य-तपासणीचा एक कागद ‘नॉर्मल’ आला की तो मोकळा. स्थानांतर त्या कागदावर दिसत नाही. ते दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तावर दिसतं. तुमच्या घरात असं जोडपं असेल, तर पुढचा नवस बोलण्याआधी आणि सुनेला आणखी एक गोळी सुरू करण्याआधी, मुलालाही सोबत नेऊन दोघांची कॅरिओटाइप तपासणी करून घ्या.